बेरीज नव्याण्णव

१

भिंतीवरचा पडदा मोनालीनं जरासा बाजूला केला, आणि तिचा हात तिथंच थांबला.

पत्र्याच्या सोळाच्या सोळा पाट्या जागेवर होत्या. एकही वाकलेली नव्हती, एकीवरही ओरखडा नव्हता. काळ्या रंगावर पिवळे आकडे कालच्यासारखेच चमकत होते. पण काल दुपारी वरच्या ओळीत १४, १०, १९, ५६ असे आकडे होते. आज तिथं १७, ५८, २०, ४ होते.

मोनाली निकोडे नाचणगावच्या सुगम वाचनालयाची ग्रंथपाल. घरचा भाजीचा मळा, वडील पुलगावच्या बाजारात वांगी-टमाटर न्यायचे. मोनालीनं ग्रंथपालाची पदविका घेतली आणि गावातच राहिली. दर रविवारी वाचनालयातल्या दोन जुनाट कॉम्प्युटरांभोवती ती पोरं जमवायची. पोरांनीच त्याला नाव दिलं होतं, आकड्यांची बैठक. परीक्षेचा अभ्यास तिथं वर्ज्य. इंटरनेटवर एक ठिकाण आहे. चार-पाच आकडे टाकले की ते पुढचे आकडे सांगतं, ही माळ कुठून आली तेही सांगतं. पोरं मनानं माळा रचून त्यात टाकायची आणि यंत्रानं हात टेकले की टाळ्या पिटायची. कधी कुठलाही चार अंकी आकडा घ्यायचा, त्याचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत सुटायचं. सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं, कुठूनही निघा, गाडी ६१७४ वर येऊन थांबते. पोरांना त्याचं वेड लागलं होतं.

त्याच बैठकीतून हा जादूचा चौरस निघाला. बारावीतल्या आचल थूलनं तो बनवला होता.

१४ १० १९ ५६
५८ १७ ४ २०
६ १८ ६० १५
२१ ५४ १६ ८

आडवी, उभी, तिरपी, कोणतीही ओळ घ्या, बेरीज नव्याण्णव. आणि वरची ओळ म्हणजे तारीख. चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन. नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली तो दिवस. आचलचे पणजोबा-पणजी त्या गर्दीत होते.

वाचनालयाचे अध्यक्ष बापूराव लांबट यांनी सभेत नाक मुरडलं होतं. "आकडे लावा, पन तारीख काऊन पाह्यजे? वाचनालय सगळ्यायचं हाय."

"सगळ्यायचं हाय म्हंजे माझंबी हाय ना, काका?" आचल म्हणाली होती. आणि ठराव पास झाला.

आज त्या चौरसाचं उद्घाटन होतं. जिनिंगचे मालक अण्णाजी येणार होते. वाचनालयाला ते नवे कॉम्प्युटर देणार होते.

मोनालीनं चार जणांना फोन लावले आणि चौघांना एवढंच सांगितलं, "पाट्यांना कोणीतरी हात लावला. लवकर या."

मग किती नासधूस झाली ते पाहावं म्हणून ती मोबाइलवर बेरीज करत बसली. पहिली ओळ, नव्याण्णव. दुसरी, नव्याण्णव. तिनं उभ्या ओळी घेतल्या, मग दोन्ही तिरप्या. दहाही बेरजा नव्याण्णवच आल्या.

नासधूस झालीच नव्हती. कोणीतरी चौरस तळहातावर जपल्यासारखा जपला होता, आणि त्यातली फक्त तारीख पुसली होती.

२

पहिली आली आचल. तिनं सायकल भिंतीला टेकवली, आत येऊन पाट्यांपुढे उभी राहिली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. रडेल असं मोनालीला वाटलं, पण ती रडली नाही. तिनं मोबाइलवर कालचा फोटो उघडला आणि तो भिंतीशेजारी धरला.

"काल चार वाजता मीनं सगळं तपासलं होतं, ताई. रुपेशदादानं पाट्या बरोब्बर लावल्या होत्या. पडदा त्याच्यानंतर लावला."

तेवढ्यात बापूराव आले. "चोरी गेल्या का?" दारातूनच त्यांनी विचारलं. पाट्या पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. "मंग? सोळा हायेत ना? काय झालं?"

"तारीख गेली."

"बेरीज?"

"बेरीज आहे."

"मंग झालं तर. पाहुणे येऊन राह्यले, मॅडम. उगा राईचा पर्वत नका करू." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आन हे पाहा, हॉलच्या चाब्या तीन. एक माझ्यापाशी, एक नगराळे सरायपाशी सकाळच्या क्लाससाठी, आन एक तुमच्यापाशी. काल कुलूप तुमीच लावलं. चौकशी केली तर ती तुमच्यापासूनच सुरू होईन."

मोनालीची कानशिलं तापली. तिची नोकरी कमिटीच्या मर्जीवर होती, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

रुपेश मोटरसायकलवर आला. पाट्या त्यानंच रंगवल्या होत्या, त्यानंच भिंतीवर टांगल्या होत्या. "खिळे निघाले का?" हा त्याचा पहिला प्रश्न. त्याच्यामागून नंदिनी आली. बापूरावांची नात, आचलच्याच वर्गातली, बैठकीत दोघींची कायम चढाओढ. ती येऊन खांबाला टेकून उभी राहिली.

सगळ्यांत शेवटी प्रफुल्ल नगराळे सर आले. पुलगावात त्यांचे गणिताचे क्लास. मोनालीही कधीकाळी त्यांच्याकडेच शिकली होती आणि रविवारच्या बैठकीत अडलं की पोरं त्यांनाच फोन लावायची. ते उंबऱ्याबाहेर वाकून चपला काढत होते, तोच आचल त्यांच्याकडे धावली.

"सर, कोनंतरी पाट्या बदलल्या."

"घाबरू नको बाळा," सर चपलेचा पट्टा सोडवत म्हणाले. "काही बिघडलं नाही. कर्णसुद्धा जुळतात. पाहुणे जाऊ दे, मग पाहू."

"पन तारीख कुठं हाय, सर?"

सर आत आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"राहू द्या आता," बापूराव म्हणाले. "पडदा लावा, मॅडम."

मोनालीनं पडदा ओढून घेतला. "लावते, काका. पण हे कोणी केलं ते कळल्याशिवाय मी तो उघडणार नाही. पाहुणे असोत की कोणी असोत."

एवढं बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की पाहुणे यायला फार वेळ उरलेला नाही.

३

रुपेशला तिनं मागच्या पडवीत नेलं.

"रुपेशभाऊ, काल कुलूप लागल्यावर तुम्ही आत गेले होते का?"

त्यानं मान खाली घातली. "गेलतो, ताई. शिडी राह्यली होती आत. बापूरावच्या घरून चाबी आनली, शिडी काढली, कुलूप लावलं, चाबी नंदिनीच्या हातात देल्ली. तुमाले सांगाले पाह्यजे होतं."

"पाट्यांना हात लावला?"

"पडद्याकडं पाह्यलंबी नाई." त्याचा चेहरा लाल झाला. "तुमाले वाटते मीनं केलं? दहा वर्षं मी गाड्यायच्या नंबर प्लेटा रंगवल्या. आता कंपनीच्या प्लेटा आल्या, धंदा बसला, दुकानाच्या पाट्या करतो. पन कोनाचा नंबर मीनं कधी बदलला नाई. लोक मागं लागायचे, पैसे दाखवायचे. नाई म्हनजे नाई."

"तुमच्यावर आळ घेत नाही. एक सांगा, बेरीज न बिघडवता पाट्या बदलायच्या असत्या तर तुम्ही काय केलं असतं?"

रुपेशनं विचार केला. "वरची ओळ खाली, खालची वर. आडवी बेरीज तीच राहीन. उभीबी तीच."

"आणि तिरपी?"

"तिरपी म्हंजे? तिरपीबी मोजतात का?"

मोनालीला हसू आलं आणि एक गाठ सुटली. पाट्या हलवणाऱ्यानं तिरप्या ओळी मोजल्या होत्या. तिरप्या ओळी असतात हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातून त्या चुकूनमाकून जुळतील, हे शक्य नव्हतं. त्याच हिशेबानं बापूरावही सुटत होते. आकडे सोळा आहेत की नाहीत, यापलीकडे त्यांनी भिंतीकडे पाहिलं नव्हतं. त्यांना तारीख घालवायचीच असती तर त्यांनी पाट्या उतरवून गोदामात टाकल्या असत्या.

मग, सर सोडले तर, चावी आणि गणित, दोन्ही कोणाकडे होतं? रुपेशनं चावी ज्या हातात दिली होती, तो हात आडव्या, उभ्या, तिरप्या सगळ्या बेरजा जाणत होता.

४

"मले माहीत होतं, तुमी माझ्याकडंच येसान," नंदिनी म्हणाली. ती अजून खांबापाशीच होती.

"का?"

"कारन मीनंच म्हटलं होतं, की आचलनं चौरस नेटवरून उचलला. सगळ्यायच्या समोर म्हटलं होतं."

ते खरं होतं. नेटवर एक कॅल्क्युलेटर आहे. तारीख टाकली की तो चौरस बनवून देतो. नंदिनीनं बैठकीत ते उघडून दाखवलं होतं आणि आचलचा चेहरा उतरला होता.

"मग नंतर ते म्हणणं सोडून का दिलं?"

"घरी जाऊन मीनं तीच तारीख त्याच्यात टाकली. त्यानं सतरा दोनदा देलं. एक दुसऱ्या ओळीत, एक तिसऱ्या ओळीत. आचलच्या चौरसात सोळाही आकडे येगयेगळे हायेत. तो कॅल्क्युलेटर खाली उतरताना वरच्या आकड्यांत एक, दोन, तीन मिळवत नाईतर वजा करत पायऱ्या घेते. आचलनं सगळ्या पायऱ्या दुप्पट केल्या. तवा सतरा एकदाच आला." ती खांबापासून दूर झाली. "मले ते सुचलं नसतं. राग आला होता मले. पन मी तिले माफी मांगतली, ताई. एकट्यात."

मोनालीनं एक कोरा कागद पुढं केला. "समज, तुला ही तारीख लपवायची आहे आणि दहाही बेरजा ठेवायच्या आहेत. काय करशील?"

नंदिनीनं पेन्सिल घेतली. आकडे मांडले, चौरस पालथा केला, बाजूवर फिरवला, आरशात धरल्यासारखा उलटा केला. प्रत्येक वेळी बेरजा टिकल्या. आणि प्रत्येक वेळी तारीख काठावर कुठंतरी उभी किंवा आडवी दिसतच राहिली.

"नाई होत," ती कागद ढकलत म्हणाली. "कसाबी फिरवा, कोपरे कोपऱ्यातच राह्यतात. तारीख काठावरच येते."

कोपरे. मोनालीनं झटकन सकाळी मोबाइलवर काढून ठेवलेला फोटो उघडला.

१७ ५८ २० ४
१० १४ ५६ १९
५४ २१ ८ १६
१८ ६ १५ ६०

आचलच्या चौरसाचे चार कोपरे होते १४, ५६, २१ आणि ८. ते चारही आता बरोबर मध्यात, एकमेकांना चिकटून बसले होते. आणि मधले चार कोपऱ्यात गेले होते.

"हा फिरवलेला नाही," ती हळूच म्हणाली. "आतला बाहेर काढला आहे."

नंदिनीनं फोटो पाहिला आणि तिचे डोळे मोठे झाले. "असंबी होते?"

तिचं ते आश्चर्य खोटं नव्हतं. मोनाली उठली, तेव्हा नंदिनीनं तिला थांबवलं.

"ताई, एक गोष्ट. आजोबा सगळा हप्ता घरात कुरकुर करून राह्यले होते या तारखेवरून. काल सायंकाळी एकदम शांत झाले. मीनं विचारलं तर म्हने, झालं काम, कोनाचं मन दुखलं नाई."

५

मोनाली जुन्या कॉम्प्युटरपुढं बसली आणि नेटवर शोधू लागली. जादूच्या चौरसांवर पानंच्या पानं होती. एक ते सोळाचे आठशे ऐंशी निरनिराळे चौरस कसे होतात ते होतं, आणि एका पानाच्या तळाशी एक हलतं चित्र होतं. पहिली आणि दुसरी ओळ अदलाबदल, तिसरी आणि चौथी अदलाबदल. मग तेच उभ्या ओळींना. नुसत्या आडव्या ओळी हलवल्या तर तिरप्या बिघडतात. आडव्या आणि उभ्या, दोन्ही एकाच रीतीनं हलवल्या तर तिरप्या टिकतात आणि मधले चार कोपऱ्यात जातात.

बैठकीत हे कोणी शिकलं नव्हतं. पण उन्हाळ्यात एकदा पोरांनी विचारलं होतं, एका चौरसाचे किती चौरस होतात? तेव्हा फोनच्या स्पीकरवरून उत्तर आलं होतं, 'आरसा आणि फिरकी एवढ्यावर थांबत नाही रे. आतलं बाहेरही काढता येतं. ते पुढं कधीतरी.'

मोनालीला ते उत्तर आठवलं, आवाजही आठवला. तिला सकाळचं एक वाक्यही आठवलं, आणि ती उठली.

सर मागच्या अंगणात एकटे उभे होते.

"सर, तुम्ही चपला काढत होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सकाळी आचल तुमच्याकडं धावली तेव्हा. तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर वाकलेले होते. भिंत तुम्ही पाहिलीच नव्हती. फोनवर मी एवढंच म्हटलं होतं, की पाट्यांना हात लागला. तरी तुम्ही म्हणाले, कर्णसुद्धा जुळतात. मला त्या बेरजांना मोबाइल लागला, सर."

"मी भरभर मोजतो, मोनाली."

"न पाहता?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाकारायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"बापूराव माझ्याकडं आले होते," ते म्हणाले. "अण्णाजींच्या कानावर गेलं होतं. ती तारीख वर असली तर ते यायचे नाहीत, कॉम्प्युटरही यायचे नाहीत. बापूराव म्हणाले, सर, तुम्ही त्यांच्यातलेच, तुम्हीच तोड काढा. म्हणजे बोभाटा होणार नाही."

"आणि तुम्ही काढली."

"काल तू कुलूप लावून गेलीस आणि मी आलो. पाट्या उतरवल्या आणि बाकावर मांडून बसलो. इतकं देखणं काम. ते मोडायला हात धजेना. मग असं लावलं, की आचलचा एक आकडा जाणार नाही, एक बेरीज जाणार नाही. तारीखही गेली नाही, मोनाली. दुसऱ्या ओळीत आहे. थोडी मागंपुढं."

"मागंपुढं काऊन राह्यची तिनं?"

दोघांनीही वळून पाहिलं. आचल पडवीच्या दारात उभी होती. किती वेळ होती, कोणास ठाऊक.

सर तिच्याकडं दोन पावलं गेले. "ऐक बाळा. मी पुलगावात क्लास काढला तेव्हा खोली मिळत नव्हती. लोक आधी आडनाव विचारायचे. तेव्हापासून मी एक शिकलो. आधी काम दाखवायचं, आडनाव मागून. तुझं काम भिंतीवर आहे. गावातली सगळी पोरं नव्या कॉम्प्युटरवर शिकतील. तारीख काय, मागून सांगता येते."

"तुमी मागून सांगतली का, सर? कधी?"

सरांची नजर जमिनीवर गेली.

"कॅल्क्युलेटरनं मले सतरा दोनदा देलं होतं," आचल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द जागेवर पडत होता. "मी तुमाले फोन केला होता. तुमी म्हटलं, जे दिलेलं हाय ते पक्कं धर, बाकीचं हलव. मीनं वरची ओळ धरली आन खालचे बारा आकडे हलवले. महिनाभर हलवले. वरची ओळ हे माझं उत्तर नाई, सर. ती अट हाय. अट सोडून देल्ली तर बेरीज कोनाचीबी येते."



समोरच्या बाजूला गाडीचा हॉर्न वाजला. अण्णाजी आले होते.

६

हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. बापूरावांनी हार घातला, दोन शब्द बोलले आणि मोनालीला खूण केली. ती पडद्यापाशी गेली, पण तिनं दोरीला हात लावला नाही.

"पाट्या चुकीच्या लागल्या आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आधी नीट लावू. जिनं बनवलं तीच लावेल."

"मॅडम," बापूराव दबल्या आवाजात म्हणाले, "विचार करून बोला. उद्या कमिटी बसन."

"बसू द्या, काका."

आचलनं स्टूल ओढलं, पडदा सरकवला आणि पाट्या उतरवायला सुरुवात केली. सोळा पाट्या एकटीनं सांभाळणं जमेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून नंदिनी उठली. बापूरावांनी तिच्याकडं डोळे वटारले. ती त्यांच्याकडं न पाहता स्टुलापाशी गेली आणि पाट्या हातात घेऊ लागली.

"चौदा दे," आचल म्हणाली. नंदिनीनं चौदा दिली. मग दहा. मग एकोणीस. छप्पन लागली तेव्हा मागच्या खुर्च्यांवर कुजबूज उठली आणि बसली.

सगळ्या पाट्या लागल्यावर अण्णाजी जागेवरून म्हणाले, "हे काय आहे, बेटा?"

"तारीख हाय."

"मला सांगितलं होतं, फक्त गणित राहील."

"गणितच हाय. बेरीज करून पाहा." आचल स्टुलावरून उतरली नाही. "माझ्या पणजीले आपला जन्म कधी झाला ते माहीत नव्हतं. तिच्या आईलेबी नाई. कोनं लिहूनच ठेवलं नाई. आमच्या घरात सगळ्यात पह्यली पाठ झालेली तारीख हीच. मले चौरसासाठी चार आकडे पाह्यजे होते. मी दुसरे कुठून आनू?"

अण्णाजींनी चष्मा लावला. दोन ओळींपुरते त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी घड्याळात पाहिलं, पुढं एक कार्यक्रम आहे म्हणाले आणि चहा न घेताच उठले. बापूराव त्यांच्यामागं गाडीपर्यंत धावले.

टाळी कोणी वाजवली नाही. पण खुर्च्यांवरून उठून लोक एकेक करत भिंतीपाशी गेले. एका म्हातारीनं नातवाला उभी ओळ मोजायला लावली. नव्याण्णव आल्यावर तिनं त्याला तिरपी मोजायला लावली.

नगराळे सर दारातच उभे होते. आचल त्यांच्या शेजारून बाहेर निघाली तेव्हा ते म्हणाले, "चुकलो मी."

"हो, सर," ती म्हणाली, आणि तिनं सायकल काढली.

नवे कॉम्प्युटर आले नाहीत. कमिटी बसली. हॉलच्या चाव्या परस्पर फिरल्या याचा जाब मोनालीला विचारण्यात आला. ज्याच्या-त्याच्या चावीचा हिशेब ज्यानं-त्यानं द्यावा, असं तिनं बापूरावांकडं पाहून सांगितलं. तो विषय तिथंच आवरला गेला. मग ठराव झाला, पाट्या उतरवाव्यात. पण उतरवायला गेलेल्या माणसाला आढळलं, की रुपेशनं कोणालाही न विचारता प्रत्येक पाटीला चार चार स्क्रू ठोकून ठेवलेत, वरून डोकीही घासून टाकलीत. "आता काढाच्या असन तर भित काढा लागन," तो म्हणाला. भिंत काढायचा खर्च कमिटीला परवडणारा नव्हता.

तेव्हा दुसरा ठराव झाला. रविवारी हॉल बंद.

त्याच्या पुढच्या रविवारी मोनाली नेहमीच्या वेळेला आली. हॉलला कुलूप होतं. आदल्या संध्याकाळी तिनं वायफायचं यंत्र आतून खिडकीच्या कडेला आणून ठेवलं होतं आणि खिडकीचं एक दार उघडं टाकलं होतं. पायऱ्यांवर पोरं बसली होती, आपापले मोबाइल घेऊन. काही चेहरे तिनं आधी कधी पाहिले नव्हते. सगळ्यांत खालच्या पायरीवर नगराळे सर बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि उठा असंही कोणी म्हटलं नव्हतं. फरशीवर खडूनं आकडे मांडत आचल शिकवत होती, आणि सर इतरांसारखेच ऐकत होते.

रस्त्यावर स्कूटर थांबली. बापूराव होते.

"हे काय चालू हाय?"

"बैठक," आचल म्हणाली.

"हॉल बंद केला ना आमी?"

"बंदच हाय ना, काका." तिनं कुलपाकडं बोट दाखवलं. "आमी कुठं हॉलमंदी हाओत?"

बापूरावांनी पायऱ्यांवरच्या पोरांकडं पाहिलं, त्यांच्यात बसलेल्या नंदिनीकडं पाहिलं, आणि स्कूटरला किक मारली.

"नेट जरा कमी येऊन राह्यलं, ताई," कोणीतरी मागून म्हणालं.

मोनाली खिडकीपाशी गेली, गजांतून हात घातला आणि यंत्र आणखी बाहेर ओढलं.